अष्टपैलू हिऱ्याचे आठ पैलू कुठले? आणि 'कट'ला मराठीत काय म्हणावं?

बडोद्याच्या वाडीतल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : लेकीच्या साखरपुड्यासाठी घडियाळी पोळमधून हिऱ्याची अंगठी घेतली. सोबतच्या प्रमाणपत्रावर 'शेप : राउंड, कट : एक्सलंट' असं आहे. सासूबाईंनी विचारलं, "हिरा अष्टपैलू आहे ना?" त्यावर सराफ म्हणाले, "आजी, याला सत्तावन्न पैलू आहेत." मग अष्टपैलूतले आठ कुठले, आणि 'कट' म्हणजेच आपलं 'पैलू' का?

आधी शब्द बघू. 'पैलू' आला फारसी 'पहलू'वरून, म्हणजे बाजू, कूस. हिंदीत 'अठपहलू' म्हणजे साधं आठ बाजूंचं. मराठीनं या फारसी शब्दामागे संस्कृत 'अष्ट' जोडला आणि पुढे तो माणसांनाच देऊन टाकला. क्रिकेटच्या बातमीत तर तो रोज असतो. गुजरातीतही हिऱ्याला 'पहेल' पाडतात. सुरतेच्या कारखान्यांत हिऱ्याच्या वरच्या भागाला 'मथाळुं' आणि खालच्याला 'तळियुं' म्हणतात. हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण ते घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणाऱ्या कारागिरांनी घडवलेत.

आता आठ. खाणीतून निघणारा चांगला हिरा पुष्कळदा मुळातच अष्टफलक असतो : दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून जोडलेले. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत हिऱ्याची सहा टोकं, आठ बाजू आणि बारा धारा सांगितल्या आहेत, आणि हे गुण 'आकरज' म्हणजे खाणीतूनच आलेले, असंही म्हटलं आहे. आजच्या भूमितीशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणजे आठ बाजूंचा हिरा ही कल्पना 'पैलू' हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची. हे आठ पैलू कुणी पाडलेले नव्हते, ते निसर्गाचे होते.

पैलू पाडणं हे पूर्वी गुणाचं लक्षण होतंच असंही नाही. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो, की इथले कारागीर निर्दोष खड्याला चाकावर जेमतेम लावतात, वजन जाऊ नये म्हणून. खड्यात दोष असेल तर मात्र तो झाकायला त्यावर बरेच पैलू पाडतात. म्हणजे पैलू जास्त दिसले की पारखी उलट सावध होत असणार! 'पैलू जितके जास्त तितका हिरा चांगला' हा समज आजही ऐकू येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

युरोपची दृष्टी वेगळी. वजन गेलं तरी चालेल, पण प्रकाश परत आला पाहिजे. आपल्या खंडेराव महाराज गायकवाडांनी 80,000 पौंडांना घेतलेला 'स्टार ऑफ द साउथ' हिरा आठवा. 1853 मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला हा खडा ॲमस्टरडॅमला कोस्टर यांच्याकडे पैलू पाडून 128.48 कॅरटचा झाला, तेव्हा निम्म्याहून थोडं अधिक वजन घासण्यात गेलं होतं. याच कोस्टरच्या कारागिरांनी 1852 मध्ये लंडनला कोहिनूर पुन्हा घासला. त्याचंही वजन चाळीस टक्क्यांहून जास्त घटून 105.6 कॅरटवर आलं.

किती घासायचं याला गणिताचा आधार दिला मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्यानं, 1919 मध्ये. गोल हिऱ्याचा तळ 40.75 अंशांचा, माथा 34.5 अंशांचा आणि वरचं सपाट पटल रुंदीच्या 53 टक्के असावं, असं त्यानं मांडलं. प्रकाश माथ्यातून आत शिरतो, तळाच्या एका पैलूवर आपटून समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून पुन्हा वर येतो. तळ उथळ झाला तर प्रकाश खालून निसटतो, आणि पटलातून बघितलं की आत फिकट राखाडी कडं दिसतं. तळ खोल झाला तर मधोमध काळपट डाग दिसतो. दहापट भिंगातून हे दोन्ही कुणालाही ओळखता येतं, त्यासाठी जवाहिऱ्या असावं लागत नाही.

गंमत म्हणजे सत्तावन्न पैलूंच्या या घडणीतही आठ लपलेलाच आहे. वरचं पटल एक. त्याभोवती आठ, मग आठ, मग सोळा. कमरेखाली, म्हणजे हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेखाली, सोळा आणि तळाला आठ. बेरीज करून बघा. घडण अगदी अचूक असेल तर खास रंगीत भिंगातून वरून आठ बाण दिसतात आणि उलटा धरला की आठ बदाम. अशा 'हार्ट्स अँड ॲरोज' हिऱ्यांची चाल 1980 च्या दशकात जपानमधून आली. तेव्हा सासूबाईंचा शब्द चुकलेला नाही.

आता 'कट'. प्रमाणपत्रावरचा कट म्हणजे आकारही नव्हे आणि पैलूंची संख्याही नव्हे. कोन, प्रमाणं, झिलई, समतोल आणि त्यातून मिळणारी चमक यांचा तो निकाल आहे. जीआयए ही हिरे पारखून प्रमाणपत्र देणारी संस्था गोल 'ब्रिलियंट' (वर सांगितलेल्या घडणीच्या) हिऱ्यांसाठी 2006 पासून त्याच्या पाच श्रेणी देते, एक्सलंट ते पूअर. आपल्या जुन्या 'पाणी' या शब्दात रंग, नितळपणा आणि तेज सगळं एकत्र यायचं. प्रमाणपत्र रंग (डी ते झेड) आणि नितळपणा वेगवेगळे मोजतं, म्हणून 'कट'साठी 'पाणी' चालणार नाही. 'घडणावळ'ही नको, ती मजुरी झाली.

मी 'पैलूकाम' सुचवतो. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी कारभारासाठी 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश करवून घेतला (1931), तिथे एवढा शब्द रुळायला हरकत नसावी. दुकानात 'कट'च बोला, सगळ्यांना तोच कळतो. पण याद्यांच्या वहीत 'गोल हिरा, पैलूकाम उत्कृष्ट' असं लिहा. 'गोल कट' मात्र लिहू नका, त्यात शेप आणि कट यांची सरमिसळ होते.