कुलूप दिसतंय, पण किल्ली कोणाकडे?

तुम्ही विचारलंय की आयपी फोनवर (इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या फोनवर) टीएलएस (कॉल जोडण्याचे निरोप झाकणारं) आणि एसआरटीपी (आवाज झाकणारं) दोन्ही चालू केलंय, स्क्रीनवर कुलूपही येतं, मग कॉल सुरक्षित समजायचा का? वाटेतल्या चोरट्या कानांपुरता, हो. पण आवाजाची किल्ली कोणाकोणाच्या हाती लागते, ते आधी बघा.

तुमच्याकडे एसडीईएस ही किल्ली पोचवण्याची पद्धत असेल, तर ती किल्ली सिपच्या (कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या) निरोपातच, एसडीपीमधल्या (कॉलचा तपशील सांगणाऱ्या भागातल्या) 'क्रिप्टो'च्या ओळीत लिहिलेली असते. टीएलएस प्रत्येक सर्व्हरवर उघडतं आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने लागतं. म्हणजे मधला प्रत्येक सर्व्हर ती ओळ वाचू शकतो. मी माझ्याच सर्व्हरचा लॉग उघडला तेव्हा किल्ली तिथे जशीच्या तशी पडलेली होती. त्या दिवसापासून मी नुसत्या कुलपावर विसंबत नाही.

डीटीएलएस-एसआरटीपी ही दुसरी पद्धत याहून बरी. किल्ली दोन्ही टोकं आपसात ठरवतात, एसडीपीतून फक्त सर्टिफिकेटचा (डिजिटल ओळखपत्राचा) फिंगरप्रिंट, म्हणजे ते ओळखण्याची छोटी खूण, जातो. तरी ज्याला एसडीपी बदलता येते, त्याला फिंगरप्रिंटही बदलता येतो.

म्हणून माझा कल झेडआरटीपी या तिसऱ्या पद्धतीकडे. एन्क्रिप्शन तज्ज्ञ फिल झिमरमन यांच्या पुढाकाराने आलेला हा प्रोटोकॉल 2011 मध्ये आरएफसी 6189 (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून प्रसिद्ध झाला. यात दोन्ही फोन आवाजाच्याच वाटेने डिफी-हेलमन (किल्ली न पाठवता दोघांनी एकच किल्ली ठरवण्याची गणिती पद्धत) करतात आणि दोन्ही स्क्रीनवर चार अक्षरं येतात. ती एकमेकांना वाचून दाखवायची. मध्ये कोणी बसला असेल, तर त्याला दोन बाजूंशी दोन वेगळ्या किल्ल्या ठरवाव्या लागतात, आणि अक्षरं जुळत नाहीत. चार अक्षरं म्हणजे 20 बिट, नशिबाने जुळण्याची शक्यता सुमारे साडेदहा लाखांत एक. शिवाय किल्ली ठरवण्याची सुरुवात करणारा फोन आपला डिफी-हेलमनचा आकडा उघड करण्याआधी त्याचा हॅश (आकड्यावरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) पाठवून बांधला जातो, त्यामुळे मधल्याला जुळेपर्यंत आकडे बदलून बघता येत नाहीत. एकच संधी.

पण अक्षरं वाचलीच नाहीत, तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. दोन तुम्ही वाचा, दोन समोरच्याला वाचू द्या. आवाज ओळखीचा हवा, कारण तो माणूस कोण हे अक्षरं सांगत नाहीत. एकदा जुळलं की आधीच्या कॉलचं गुपित पुढच्या कॉलच्या किल्लीत मिसळलं जातं. ते जुनं गुपित जुळत नाही असा इशारा मध्येच फोनने दिला, तर बहुधा कोणीतरी ॲप नव्याने टाकलेलं असतं, तरी पुन्हा वाचाच.

स्टर/शेकन (कॉल करणाऱ्याचा नंबर खरा आहे का ते तपासण्याची व्यवस्था) याची सही फक्त कॉल करणाऱ्याच्या नंबरची असते, बोलणं त्याने झाकलं जात नाही. सिपचा पासवर्ड लांब आणि रँडम ठेवा, एक्स्टेन्शन नंबर (फोनचा अंतर्गत नंबर) पासवर्ड म्हणून तर मुळीच नको.

आज एवढं करा: फोनच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. तो बंद असेल, तर कोणीही बनावट सर्व्हर उभा केला तरी फोन त्याच्याशी टीएलएस करेल आणि कुलूप तसंच दिसेल.