युरोपातल्या फुटबॉल क्लबांकडे एवढा पैसा येतो कुठून, आणि तो असूनही खेळाडू घेताना हात आखडतो का?

तुमचे मुद्दे दोन आहेत. नुसती तिकिटं विकून एवढे पैसे कसे जमतात, आणि मालक अब्जाधीश असतानाही 'नियम आडवे येतात' म्हणत क्लब आपलेच चांगले खेळाडू का विकतात. जाता जाता तुम्ही विचारलंय की आपल्या बेळगावच्या क्लबांना यातलं काय उपयोगी पडेल. तेही शेवटी सांगतो. आकडे पाउंड आणि युरोतच ठेवतो, रुपयात केले की दर हलला की चुकतात.

तिकिटांचा समज आधी बाजूला ठेवा. मोठ्या क्लबचं उत्पन्न तीन ठिकाणांहून येतं: मैदान, टीव्ही आणि व्यापार. व्यापार म्हणजे जर्सीवरचं नाव, किट बनवणाऱ्या कंपनीचा करार, दुकान, परदेश दौरे. रियल माद्रिदने २०२३-२४ च्या हंगामात १०४ कोटी ६० लाख युरो कमावले. एका हंगामात शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला फुटबॉल क्लब. त्यात व्यापाराचे सुमारे ४८ कोटी, टीव्हीचे ३१-३२ कोटी आणि मैदानाचे २५ कोटींच्या आसपास. त्यांचं बर्नाबेऊ मैदान नव्याने उभारल्यावर मैदानाचं उत्पन्न एका वर्षात दुपटीच्या घरात गेलं, तरी तिघांत धाकटं तेच. खेळाडू विकून आलेला पैसा या बेरजेत धरत नाहीत, तो वेगळा मांडतात. वर्तमानपत्रात आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर दोन क्लबांची तुलना हमखास चुकते.

आता दुसरं टोक बघा. इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबचं मैदान ११ हजारांच्या आसपास माणसांचं. एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या गावच्या जत्रेला जमतात. तरी हा क्लब मँचेस्टर सिटीच्या बरोबरीने एकाच लीगमध्ये खेळतो, कारण त्याचं घर टीव्हीवर चालतं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, देशातल्या प्रक्षेपणाचा निम्मा पैसा सगळ्या वीस क्लबांना सारखा वाटतात. पाव भाग तक्त्यातल्या क्रमांकाप्रमाणे जातो, आणि उरलेला पाव तुमचे किती सामने टीव्हीवर दाखवले त्यावर. परदेशी हक्कांचा मोठा हिस्साही समान वाटला जातो. परिणाम काय, तर २०२३-२४ मध्ये विजेत्या सिटीला लीगकडून सुमारे १७ कोटी ५९ लाख पाउंड मिळाले आणि तळाच्या शेफील्ड युनायटेडला सुमारे १० कोटी ९७ लाख. पहिल्या आणि विसाव्यात दुपटीचाही फरक नाही. इंग्लंडचा मधला क्लब इटली-फ्रान्सच्या नावाजलेल्या क्लबांकडून खेळाडू उचलतो त्याचं कारण या वाटपात आहे.

पण तळाला राहून खालच्या लीगमध्ये घसरलात की हाच पैसा तुटतो. उतरलेल्या क्लबला आधार म्हणून त्या समान हिश्श्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी देतात. वर एकच हंगाम काढून उतरला असेल तर तिसरं वर्ष मिळत नाही. पगाराचे करार मात्र चार-चार वर्षांचे असतात, ते असे आपोआप कमी होत नाहीत. लेस्टरचं २०२२-२३ चं ताळेबंद पत्रक बघा: उत्पन्न सुमारे १७ कोटी ७० लाख पाउंड आणि नुसते पगार २० कोटींच्या वर. त्याच हंगामात ते उतरले. शहाणा क्लब करार करतानाच 'खाली गेलो तर पगार इतके टक्के कमी' असं कलम घालतो. हे कलम नसलेल्या क्लबवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, तो कितीही छान खेळत असो.

चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या वरच्या क्लबांच्या स्पर्धेचं, गणित वेगळं. २०२४ पासूनच्या नव्या पद्धतीत नुसता प्रवेश मिळाला की १ कोटी ८६ लाख २० हजार युरो. साखळीतला एक विजय २१ लाखांचा, बरोबरी ७ लाखांची, आणि पुढे बाद फेरीत प्रत्येक टप्प्याला वेगळे. देशांतर्गत लीगमध्ये एका क्रमांकाने हुकलेला क्लब एवढ्याला मुकतो. म्हणून मे महिन्यात चौथ्या-पाचव्या जागेसाठी झुंज लागते तेव्हा खेळाडूंच्या चेहऱ्याइतकाच हिशेबनिसाचा जीवही टांगणीला लागलेला असतो.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. तो कळला की फुटबॉलच्या निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात.

उद्यमबागेतल्या एखाद्या कारखानदाराने ५० लाखांचं सीएनसी मशीन घेतलं तर तो ५० लाख एकाच वर्षाच्या खर्चात टाकत नाही. मशीन किती वर्षं चालेल तेवढ्या वर्षांत घसारा लावतो. फुटबॉल क्लब खेळाडूच्या बाबतीत तेच करतात. खरेदीची रक्कम भागिले कराराची वर्षं, एवढा खर्च दरवर्षी पुस्तकात पडतो. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझला १० कोटी ६८ लाख पाउंडांना घेतलं आणि साडेआठ वर्षांचा करार केला. भागाकार करा: वर्षाला साधारण १ कोटी २५ लाख. पाच वर्षांचा करार असता तर २ कोटी १४ लाख पडले असते. ही पळवाट सगळ्यांना दिसली. करार कितीही लांबचा असो, घसारा पाच वर्षांतच वाटायचा, असं आधी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आणि मग २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगने ठरवलं.

विक्रीच्या वेळी उलटं होतं. समजा खेळाडू ५ कोटींना पाच वर्षांसाठी घेतला. तीन वर्षांत ३ कोटी घसारा गेला, पुस्तकात किंमत उरली २ कोटी. आता तो ३ कोटींना विकला तर चाहते म्हणणार दोन कोटींचा तोटा झाला. पुस्तकात मात्र १ कोटी नफा दिसतो, आणि तो पूर्ण नफा त्याच वर्षी धरला जातो. अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकातली किंमत शून्य, म्हणजे तो ३ कोटींना गेला तर तीनही कोटी नफा. बऱ्याच इंग्लिश क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं. त्या तारखेच्या आसपास घरचीच मुलं का विकली जातात ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मला ही या नियमांतली सगळ्यात वाईट बाजू वाटते. ज्या पोराला बघायला गल्लीतली माणसं येतात, तोच कागदावर सगळ्यात फायद्याचा माल ठरतो.

ही सगळी धडपड कशासाठी, तर तोट्याच्या मर्यादेसाठी. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमात तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पाउंड तोटा चालत असे. त्यातलाही मोठा भाग मालकाने भांडवल म्हणून स्वतः घातला असेल तरच. मैदानाचं बांधकाम, अकादमी आणि महिला संघाचा खर्च यातून वगळत. एव्हर्टनने मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ वर आले, मग एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मार्च २०२४ मध्ये ४ गेले. युएफा दुसऱ्या बाजूने धरते: पगार, घसारा आणि एजंटांची दलाली मिळून उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांच्या आतच राहायची. ही मर्यादा २०२३ मध्ये ९० टक्के होती, पुढे ८०, आणि २०२५ पासून ७०. मालकाने स्वतःच्याच कंपनीकडून फुगवून जाहिरात घेतली तर ती बाजारभावाने मोजतात. मालकाचा खिसा कितीही खोल असो, क्लबला स्वतः कमवावंच लागतं.

बार्सिलोनाचं प्रकरण आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. बार्सिलोना आणि रियल माद्रिद हे सभासदांचे क्लब आहेत, सहकारी साखर कारखान्यासारखे. अध्यक्ष सभासद निवडतात, आणि अडचणीत पैसा ओतायला शेठ नाही. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या वरच्या लीगमध्ये, प्रत्येक क्लबच्या पगाराला आधीच मर्यादा ठरवून देतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीचा नवा करार त्या मर्यादेत बसेना, म्हणून तो गेला. पुढच्याच वर्षी क्लबने लीगच्या टीव्ही हक्कांतला २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकला. पहिल्या १० टक्क्यांचेच २० कोटी ७५ लाख युरो आले. उसाच्या पुढच्या पंचवीस हंगामांच्या बिलावर आज उचल घेण्यासारखंच हे. आजचा हप्ता भागतो, पण प्रत्येक हंगामाचं बिल आधीच कापलेलं येतं.

उचलीवरून आठवलं, खेळाडूच्या बदलीची रक्कम बहुतेक वेळा एकरकमी येतच नाही, दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत येते. विकणाऱ्या क्लबला घाई असेल तर तो ते हप्ते बँकेला देऊन थोड्या कमी रकमेत आजच पैसे घेतो. जुन्या पेठेतल्या भाषेत हुंडी वटवणं. दोन वर्षं लागोपाठ हे करावं लागलेला क्लब दिसला तर समजा की रोकड आटली आहे.

लहान क्लबने जगायची चांगली रीत म्हणजे ब्रायटनची. २०२१ मध्ये त्यांनी इक्वेडोरच्या क्लबकडून मोइसेस कायसेडोला सुमारे ४५ लाख पाउंडांना आणलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींना दिलं, वर पुढे वाढीव रक्कम वेगळी. एक विकायच्या आधी त्याच जागेचा दुसरा तयार असतो, म्हणून संघ कोसळत नाही. यात फसायचं मोठं कारण एकच: कराराचं शेवटचं वर्ष लागू देणं. पॅरिसच्या क्लबने एम्बापेसाठी १८ कोटी युरो मोजले होते. २०२४ मध्ये करार संपला आणि तो माद्रिदला गेला, पॅरिसला बदलीचा एक युरो मिळाला नाही.

भारतात अडचण वेगळी आहे. इथे नक्की येणारा पैसाच कमी, म्हणून क्लब उद्योगसमूहाच्या मर्जीवर उभे राहतात. समूहाने मन फिरवलं की क्लब बंद. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गेला, जेसीटी २०११ मध्ये. चोर्ला घाटाच्या पलीकडचे, गोव्याचे धेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. जुलै २०२५ मध्ये आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, आयोजकांनी हंगाम थांबवला, कारण भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा करार डिसेंबरात संपत होता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. गुणी खेळाडू आणि भरलेली स्टँड असूनही पुढच्या वर्षीचा पैसा कुठून येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. कोल्हापुरात पेठांच्या संघांना बघायला गर्दी लोटते, पण मैदान संघाचं नाही, गेट आयोजकाचं, आणि टीव्हीचा करार नाही. त्या गर्दीतला पैसा संघाच्या खात्यावर कसा वळवायचा हा खरा प्रश्न आहे.

आता बेळगावच्या क्लबांना काय करता येईल. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, एक नियम आहे: करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम देऊन गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटायचे. १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ ते २३ या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. बेळगावच्या कॅम्प किंवा टिळकवाडीतल्या क्लबकडे एखादा पोरगा बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत राहिला, तर चार पाव आणि दोन अर्धे, म्हणजे २ टक्के होतात. तो पुढे कधी २ कोटी रुपयांना परदेशी गेला तर ४ लाख. पहिल्या संघाच्या जोड्या, चेंडू, प्रवास यांना हे पैसे लहान नाहीत.

पण हे मिळतात खेळाडूच्या नोंदीवरून. नोव्हेंबर २०२२ पासून हे वाटप फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून होतं, आणि ते बघतं ते खेळाडूचा पासपोर्ट, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोणत्या क्लबकडे नोंदलेला होता. फोटो, ट्रॉफी, प्रमाणपत्र यांना तिथे किंमत नाही. क्लब जिल्हा संघटनेमार्फत कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेशी संलग्न हवा. मुलाची नोंद महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत दर हंगामाला हवी, फक्त पंधरा वर्षांखालच्या स्पर्धेपुरती नको. शाळेच्या संघातून खेळलेली वर्षं शाळा संलग्न क्लब नसेल तर वाया जातात, म्हणून शाळेत खेळणाऱ्या मुलाचीही क्लबकडे नोंद ठेवा.

सीमाभागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपली पोरं हंगाम संपला की कोल्हापूरला किंवा गोव्याला खेळायला जातात. कोल्हापूर महाराष्ट्राच्या संघटनेखाली येतं, गोव्याची वेगळी, आणि आपण कर्नाटकाखाली. बदलीचा कागद न करता पोरगा तिकडे नव्याने नोंदला गेला, किंवा जन्मतारीख दोन ठिकाणी दोन लागली, तर मधली वर्षं कुणाच्याच नावावर बसत नाहीत. तेव्हा पोरगा निघाला की राज्यांतर बदली यंत्रणेतूनच करा, जन्मदाखल्यावरचीच तारीख घाला, आणि त्या पानाची छापील प्रत क्लबच्या फायलीत तारखेनिशी लावून ठेवा. तो विकला जायला दहा वर्षं लागू शकतात. तोवर सचिव दोनदा बदललेला असतो.