थंडीत गाडीचं दार गोठून चिकटलं तर कसं उघडायचं? वरून गरम पाणी ओतलं तर चालतं का?

नाही चालत. दार चिकटलंय ते पाणी गोठल्यामुळे आणि त्यावर तुम्ही आणखी पाणी ओतणार?

ओढू नका, ढकला. बहुतेक वेळा कुलूप अडकलेलं नसतं, दाराभोवतीचं रबर चौकटीला चिकटलेलं असतं. दुपारी वितळलेला बर्फ किंवा गाडी धुतल्याचं पाणी त्या फटीत उतरतं आणि रात्री गोठतं. थर पातळच असतो, पण तुम्ही ओढायला लागलात की सगळा जोर हँडलवर येतो. हँडल प्लॅस्टिकचं, आत बारीकशी केबल. त्यापेक्षा दाराला पाठ किंवा खांदा लावून कडेकडेने आत रेटा. पत्र्याच्या मधोमध नको, पोचा येईल. रबर दबलं की बर्फ कुरकुरत तुटतो. मग हळूच ओढून बघा. नाहीच उघडलं तर दुसरं दार बघा, ते नाही तर डिकी. वारा आणि बर्फाचा मारा एका बाजूने असतो, त्यामुळे चारही दारं सारखीच चिकटलेली क्वचित सापडतात. एकदा आत शिरलात की हीटर लावून बसा, बाकीची दारं आपोआप सुटतात.

आता गरम पाण्याबद्दल, कारण हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. माझे साडू, म्हणजे थोरलीचे यजमान, किटलीवाल्या पंथाचे. सासूबाईंना पहाटे विमानतळावर सोडायचं होतं. बाहेर उणे बारा-पंधरा. मागचं दार उघडेना. मी कडेने रेटत होतो, तर "बाजूला व्हा हो, शास्त्र नका शिकवू," म्हणत साडूसाहेब उकळत्या पाण्याची किटली घेऊन आले आणि दारावर वरपासून खालपर्यंत ओतली. दार उघडलं, हे मी नाकारत नाही. वर "बघितलंत?" असंही झालं. सासूबाई आत बसल्या, साडूंनी दार लोटलं, ते धाडकन परत आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा तेच. पाणी ओघळून कडेच्या लॅचमध्ये, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या खटक्यात, शिरलं होतं आणि तिथेच गोठलं होतं, त्यामुळे लॅच उघडलं ते उघडंच. साडू म्हणाले, दोरीने बांधून जाऊ. दोरीने! हायवेवर! मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आधी दार लावा, मग भांडा."

कुलुपाचा डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारा फवारा, माझ्या कोटाच्या खिशात होता. (हा डबा लोक गाडीतच ठेवतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही.) लॅचमध्ये फवारला, जरा थांबलो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लॅच हलवून मोकळं केलं, दार लागलं. विमान मिळालं. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत ऐकतोय की दार साडूंनी उघडलं. ते लावलं कोणी, हे कोणी विचारत नाही.

मुद्दा एवढाच की उकळतं पाणी थोडा वेळ गरम असतं आणि त्यानंतर ते फक्त पाणी असतं. दाराच्या आत जायला त्याला काचेच्या कडेने वाट असते, निघायला मात्र तळाशी बारीक भोकं, आणि तीही अशा थंडीत बर्फाने बुजलेली. विंडशील्डला आधीच एखादा टवका असेल आणि त्यावर ते उडालं, तर तडा जायला वेळ लागत नाही. साडूंचं नंतरचं संशोधन म्हणजे व्हिनेगर. घरातलं व्हिनेगर जवळपास ९५ टक्के पाणीच असतं, शून्याच्या दोनेक अंश खाली तेही गोठतं. त्यांना हे सांगून झालंय.

फवारायचंच असेल तर दोन भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि एक भाग पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून घरात ठेवा. शुद्ध आयसोप्रोपाइल उणे ८९ अंशांना गोठतं, त्यामुळे हे मिश्रण बर्फ वितळवतं आणि पुन्हा लगेच जमू देत नाही. दाराच्या फटीवर मारा, थांबा, रेटा. पण खरं काम आदल्या दिवशीचं आहे: रबर आणि चौकट कोरड्या फडक्याने पुसून रबरावर सिलिकॉन स्प्रे. व्हॅसलीन किंवा ग्रीस नको, दाराचं रबर बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि पेट्रोलियमच्या तेलाने ते फुगतं. गाडी धुतली असेल तर दारं उघडून कडा पुसल्याशिवाय झोपू नका. साडू हे कधीच करत नाहीत.

रेटण्याबद्दल एक राहिलं. काचेला चौकट नसलेली दारं असतील तर जपून. त्यांची काच दार उघडताना थोडी खाली सरकते. ती गोठून वर अडकली असेल आणि तुम्ही दार खेचलंत, तर काच किंवा वरची पट्टी जाईल. तिथे आधी काचेची वरची कड मोकळी करा. पत्र्यात बुडालेली हँडलं असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना ॲपवरून आधी गरम करा, नाहीतर हँडलभोवती मुठीने हलके ठोके द्या. किल्ली लायटरवर तापवून कुलपात घालायची जुनी युक्ती चिप असलेल्या किल्लीवर करू नका, चिप जळेल.

आणि वर मी हीटर लावून बसा म्हटलं, ते पेट्रोल-डिझेलच्या गाडीत सायलेन्सरच्या नळकांड्याचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे बघूनच. बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू करून बसूच नका.