त्या आठ मिनिटांत कॉकपिट गप्प का होतं?

प्रश्न : विमान उडाल्यावर दोनेक मिनिटांत लागोपाठ दोन स्फोटासारखे आवाज झाले. मी डाव्या पंखाच्या जरा मागे, खिडकीशी बसले होते. इंजिनाच्या मागून ज्वाळेचा लोळ बाहेर आलेला मी स्वतः पाहिला. विमान थरथरलं, नाक किंचित एका बाजूला वळल्यासारखं वाटलं. मी केबिन क्रूला बोलावणार होते, पण माझे यजमान म्हणाले, "गप्प बस, त्यांना सगळं दिसतं." पुढे आठ मिनिटं कॉकपिटमधून एक शब्द नाही. मग "तांत्रिक कारणामुळे परत फिरतोय" एवढंच सांगितलं. सुखरूप उतरलो. पण त्या आठ मिनिटांत पायलट काय करत होते? आणि मी बोलायला हवं होतं का?

उत्तर : हो, बोलायला हवं होतं. बहुतेक जेट विमानांत कॉकपिटमधून इंजिन दिसतच नाही. ते आम्हा पायलटांच्या बरंच मागे, पंखाखाली असतं. आम्हाला दिसतात ते काटे आणि आकडे. ज्वाळा तुम्हाला दिसली, आम्हाला नाही.

तुमच्या वर्णनावरून ते बहुधा इंजिनाचं 'सर्ज' होणं असावं. इंजिनाच्या पुढच्या भागातली पाती हवा टप्प्याटप्प्यानं दाबत आत ढकलतात. पक्षी शिरला, एखादं पातं खराब झालं, तर हा प्रवाह बिघडतो आणि दाबलेली हवा उलटी उसळते. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, जाळ बाहेर येतो. बघणाऱ्याचा थरकाप उडतो, पण पुष्कळदा थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी केला की इंजिन शांत होतं.

आता ती आठ मिनिटं. मी ३१ वर्षं विमानं उडवली, त्यातली शेवटची ११ सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, शिकवण्यातही गेली, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

एका इंजिनाचा जोर गेला की चांगलं इंजिन नाक दुसऱ्या बाजूला ढकलतं. तुम्हाला जाणवलं ते हेच. पायलटचा पाय लगेच रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर जातो आणि नाक सरळ होतं. उडताना बिघाड झाला तर निदान ४०० फुटांपर्यंत आम्ही बाकी कशालाही हात लावत नाही, फक्त विमान उडवतो. तसं उडता येतं, कारण धावपट्टीवर ठरावीक वेग ओलांडल्यावर एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर उडून वर चढता येणं, ही दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला परवाना मिळण्याची अटच आहे. सिम्युलेटरच्या तपासणीत आम्ही नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद पाडतो.

मग ओळख पटवायची. पंख्याचा वेग, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, इंधनाचा प्रवाह, कंपनं. एक जण विमान उडवतो, दुसरा वाचतो. इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा लिव्हर मागे घेण्याआधी हात त्यावर ठेवून विचारायचं, "एक नंबर. कन्फर्म?" दुसऱ्यानं स्वतः बघून "कन्फर्म" म्हणायचं, तोवर हात हलवायचा नाही. इंधनाचा स्विच बंद करतानाही तसंच. आगीचा इशारा असेल तर फायर स्विच, मग आग विझवणारी पहिली बाटली. अर्ध्या मिनिटात दिवा गेला नाही तर दुसरी. त्यानंतर जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलला 'मेडे', म्हणजे संकटाचा संदेश, क्रूला सूचना, वजन आणि धावपट्टीच्या लांबीचा हिशोब, चेकलिस्ट. प्रवाशांशी बोलणं सगळ्यात शेवटी येतं. खुर्चीत बसून वाट पाहणाऱ्यासाठी ते फार क्रूर आहे, हे मी मान्य करते. पण कॉकपिटमधून लगेच आवाज आला असता, तर मला काळजी वाटली असती.

एकदा सिम्युलेटरमध्ये एक हुशार मुलगा होता. मी डावं इंजिन बंद पाडलं. आवाज, लाल दिवा, आणि शेजारच्यानं तोंड उघडायच्या आत त्यानं उजव्या इंजिनाचा स्विच बंद केला. दोन्ही इंजिनं गेली. मी खेळ थांबवला. पाच मिनिटं तो स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता. त्या दिवशी मी त्याला पुन्हा उडवायला लावलं नाही. आम्ही दोघं नुसतं इंग्लंडमधल्या केगवर्थच्या अपघाताबद्दल बोललो.

८ जानेवारी १९८९ची ती घटना. लंडनहून बेलफास्टला निघालेलं बोइंग ७३७-४००. डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. विमान हादरू लागलं, धुराचा वास आला. वैमानिकांनी काही सेकंदांतच उजवं इंजिन दोषी ठरवलं आणि पुढे ते बंद केलं. नेमकं त्याच वेळी डाव्याचा जोर कमी झाल्यानं हादरे ओसरले, आणि आपण बरोबर केलं अशी त्यांची खात्री पटली. कॅप्टननं प्रवाशांना सांगितलंही की उजव्या इंजिनात बिघाड होता. मागे बसलेल्या कितीतरी जणांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि जाळ पाहिला होता. केबिन क्रूपैकीही काहींनी पाहिला होता. एकानंही कॉकपिटला कळवलं नाही. सुमारे वीस मिनिटांनी, उतरण्यासाठी जास्त जोर हवा होता तेव्हा, डावं इंजिनही गेलं. धावपट्टीच्या अलीकडे, महामार्गाच्या भरावावर विमान आदळलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली.

त्या प्रवाशांना मी दोष देत नाही. "त्यांना सगळं दिसतं" असंच त्यांनाही वाटलं असणार. पण तुमच्या यजमानांचं वाक्य वाचलं आणि मला त्या विमानाची आठवण झाली.

तेव्हा पुन्हा कधी असं काही दिसलं तर कॉल बटण दाबा. क्रू जागेवर बसलेले असतील तर मोठ्यानं हाक मारा. निष्कर्ष सांगू नका, दिसलं तेवढंच सांगा : "डावीकडे, इंजिनाच्या मागून जाळ, दोनदा." डावं-उजवं तोंड पुढे करून बसल्यावरचं. आणि कॉकपिटच्या घोषणेत दुसरी बाजू सांगितली गेली, तर गप्प बसूच नका.

प्रश्न : दोन्ही इंजिनं बंद पडली तर विमान दगडासारखं खाली येतं का?

उत्तर : नाही. ३५,००० फुटांवरून मोठं जेट दीडशे किलोमीटरच्या आसपास तरंगत जाऊ शकतं. २४ ऑगस्ट २००१ला एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० अटलांटिकवर असताना इंधन संपून त्याची दोन्ही इंजिनं अशीच बंद पडली. सुमारे १२० किलोमीटर, १९ मिनिटं तरंगत ते अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरलं. टायर फुटले, पण ३०६ माणसं वाचली.

इंधन संपलं कसं, तेही सांगते. उजव्या इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतून गळती होत होती. पडद्यावर दिसला तो दोन्ही बाजूंच्या टाक्यांतला फरक. तो मिटवण्याची कृती वैमानिकांनी चेकलिस्ट न उघडता आठवणीतून केली. गळतीचा संशय असेल तर हे करू नका, असा इशारा त्या कागदावर होता. डावीकडचं चांगलं इंधनही गळक्या बाजूला गेलं. ते उतरणं विलक्षण होतं, यात शंका नाही. पण वर्गात मी आधी कागदाची गोष्ट सांगायचे, उतरण्याची नंतर.