सांगोल्यात शेकाप टिकला कसा?

प्रश्न असा आहे: सोलापूर जिल्ह्यातला सांगोला मतदारसंघ शेतकरी कामगार पक्षाचा अभेद्य बालेकिल्ला होता, तर २०१९ ला तो ढासळला कसा आणि २०२४ ला परत उभा कसा राहिला? मी मूळचा त्याच तालुक्यातला आणि तिथल्या निवडणुका बरीच वर्षं जवळून पाहत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्नातला ‘अभेद्य’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. तो तसाच धरून बसलं तर पुढचं काहीच नीट लागत नाही.

आधी नोंद बघू. १९६२ पासून २०२४ पर्यंत विधानसभेच्या चौदा सार्वत्रिक निवडणुका आणि १९७४ ची एक पोटनिवडणूक, अशा पंधरा लढती इथे झाल्या. शेकापने त्यातल्या बारा जिंकल्या, तीन हरल्या. बारापैकी अकरा विजय एकट्या गणपतराव देशमुखांचे, म्हणजे आबासाहेबांचे: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. स्वतः ते दोनदा पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. ‘सलग ५५ वर्षं आमदार’ असं अनेक ठिकाणी छापून येतं, ते बरोबर नाही. मधले दोन खंड वजा केले की सुमारे ५१ वर्षं होतात. तेवढीही प्रचंडच आहेत, फुगवायची गरज नाही. ‘देशातला विक्रम’ हेही जपून म्हणावं. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा निवडणुका जिंकले, पुथुपल्लीतून ओमन चंडी बारा. महाराष्ट्रापुरतं मात्र एकाच मतदारसंघातून अकरा विजय हे आबासाहेबांचंच नाव.

हे विजय कोणत्या वाऱ्यात आले ते पाहिलं की त्यांचं मोल कळतं. १९६२ ला यशवंतरावांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने राज्यात २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत विरोधकांना मिळालेलं बळ राज्य स्थापन होताच ओसरलं होतं. त्या पडझडीत सांगोल्याने पस्तिशीतल्या एका वकिलाला लाल बावट्यावर निवडून दिलं. १९७२ ला काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, तेव्हा सांगोलाही गेला. काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. पण दोनच वर्षांत, पोटनिवडणुकीत, जागा परत आली. १९७२ च्या दुष्काळाचे ते दिवस. खडी फोडायला गेलेली माणसं, रोजगार हमीची कामं, मजुरीसाठीचे मोर्चे हे सगळं या तालुक्याने अंगावर काढलेलं आहे. शेकापची इथली मुळं त्या काळात खोल गेली असं माझं ठाम मत आहे. पुढे १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात आबासाहेबांकडे रोजगार हमी खातं आलं, तेही योग्यच माणसाकडे आलं. त्याआधी १९७८ च्या, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारातही ते मंत्री होते. एवढी पदं दोनच वेळा आणि थोड्या थोड्या काळासाठी मिळाली. बाकी बहुतेक सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. सत्ता नसलेल्या आमदाराला लोक पुन्हा पुन्हा का पाठवतात, हा इथला खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर पाण्यापाशी आणि उसापाशी जातं. पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीची शिडी बहुधा साखर कारखान्यातून चढतात. चेअरमन, मग जिल्हा बँक, मग विधानसभा. सांगोला हा माणदेशातला, पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी इथे शेपटाला येतं, म्हणजे वरच्यांचं भागल्यावर. ऊसच पुरेसा नव्हता, तर उसाच्या जोरावरचे सम्राट कुठून तयार होणार? इथली अर्थव्यवस्था ज्वारी-बाजरी, खिल्लार जनावरं, रविवारचा जनावरांचा बाजार, पुढे डाळिंब आणि शेतकरी सहकारी सूतगिरणी यांवर चालली. जवळपास कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी उभी करायची आणि ती चालवून दाखवायची, हे काम आबासाहेबांचं. गावोगावच्या घरांत त्या गिरणीचा पगार गेलाय. नेत्याचा दरारा वेगळा आणि संस्थेवरचा विश्वास वेगळा. इथे दुसरा होता. राज्यात इतरत्र शेकापचे नेते एकेक करून काँग्रेसमध्ये गेले, कारण तिथे सहकारातली सत्ता काँग्रेसकडे होती आणि बाहेर राहून संस्था चालवणं अवघड होतं. सांगोल्यात संस्थाच पक्षाच्या होत्या.

पाण्याचा लढाही नुसता सभागृहातला नव्हता. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली. त्यांच्याबरोबर डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव होते. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या कोरड्या तालुक्यांना कृष्णेचं पाणी समन्यायी वाटपाने मिळावं ही मागणी तिथे वर्षानुवर्षं मांडली गेली. टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा सिंचन योजनांचं पाणी आज या पट्ट्यात दिसतं, त्यामागे हा रेटा आहे. तरीही २०१२-१३ ला आणि २०१९ ला तालुक्यात चारा छावण्या लागल्याच. पाणी आलं, पण सगळ्यांच्या बांधावर आलं नाही. विरोधकांच्या प्रचाराचा मुद्दा दरवेळी तोच असे, आणि तो खोटा नव्हता.

आता पराभवांकडे येतो, कारण ‘अभेद्य’ हा शब्द तिथेच पडतो. १९९५ ला काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी आबासाहेबांना १९२ मतांनी हरवलं. २०१९ ला शिवसेनेकडून उभे असलेले हेच शहाजीबापू ९९,४६४ मतं घेऊन आले आणि शेकापचे डॉ. अनिकेत देशमुख ९८,६९६ वर थांबले. फरक ७६८. चोवीस वर्षांच्या अंतराने झालेले दोन विजय, दोन्हींचं मताधिक्य मिळून ९६०. म्हणजे तालुका कायम दोन फळ्यांत विभागलेला होता आणि दुसरी फळीही जवळपास तेवढीच चिवट होती. शहाजीबापूंनी पक्ष बदलले, पण त्यांचा मतदार फारसा हलला नाही. पडूनही पुन्हा पुन्हा उभं राहण्याची त्यांची जिद्द मान्य केलीच पाहिजे. जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगर’ या फोनमुळे ते राज्यभर ओळखले गेले, पण तालुक्यात त्यांना त्याआधी तीन दशकं लोक ओळखत होते. त्या एका फोनवरून या मतदारसंघाचं राजकारण वाचणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

२०१९ ला नेमकं काय झालं? आबासाहेब ९३ वर्षांचे होते, त्यांनी उभं राहायला नकार दिला. उमेदवारीवरून पक्षात ओढाताण झाली आणि शेवटी नातवाचं नाव आलं. समोर भाजप-सेना युती एकत्र होती, शिवाय तालुक्यातले राष्ट्रवादीचे नेते दीपकआबा साळुंखे यांचा गट शहाजीबापूंच्या मदतीला होता. इतकं सगळं विरुद्ध असताना, आबासाहेबांचं नाव मतपत्रिकेवर नसताना पक्ष ७६८ मतांनी पडला. मला तर त्या निकालात ढासळणं दिसत नाही. व्यक्ती बाजूला झाली तरी पक्षाची मतं जागेवर आहेत हे त्या दिवशी सिद्ध झालं. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. दीपकआबा या वेळी ठाकरे गटाकडून रिंगणात आले, म्हणजे २०१९ ची मोट सुटली आणि ठाकरे गट आणि शेकाप दोघेही असलेल्या महाविकास आघाडीतही सांगोल्यावर एकमत झालं नाही. निकालात बाबासाहेब १ लाख १६ हजारांवर, शहाजीबापू सुमारे ९१ हजारांवर आणि दीपकआबा पन्नास हजारांच्या आसपास. अनेकांनी ‘मतविभागणीमुळे शेकाप आला’ असा अर्थ काढला. तो अर्धाच खरा आहे. विभागणीने विरोधकांचं नुकसान केलं हे उघड आहे, पण शेकापची स्वतःची मतंही २०१९ पेक्षा सतरा हजारांवर वाढली, तीही राज्यात महायुती २३० च्या घरात जात असताना. सध्याच्या विधानसभेतले शेकापचे ते एकमेव आमदार आहेत.

सांगोल्याबद्दल बोलताना जातीचं गणितही विचारलं जातं, म्हणून थोडक्यात: धनगर समाजाची संख्या इथे मोठी आहे आणि देशमुख घराणं त्याच समाजातलं, याचा आधार पक्षाला नक्की मिळाला. पण तेवढ्यावर अकरा विजय होत नाहीत. मराठा, दलित, मुस्लिम मतांचा मोठा वाटा सोबत असल्याशिवाय इथली बेरीज पूर्ण होत नाही, आणि तो वाटा सूतगिरणी, दुष्काळी कामं आणि एसटीने फिरणाऱ्या, कधीही भेटणाऱ्या आमदारामुळे मिळत होता.

तुम्ही अभ्यास करणार असाल तर २००९ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडू नका. पुनर्रचनेनंतर हा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ असा झाला आहे, आणि लोकसभेला तो माढ्यात मोडतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. २०१९ आणि २०२४ ची गावं जुळवताना भाळवणी मंडळाची केंद्रं वेगळी काढा आणि टेंभू-म्हैसाळचं पाणी पोहोचलेली आणि न पोहोचलेली गावं अशी दुसरी विभागणी करा. वाढलेली सतरा हजार मतं कुठल्या गावांतून आली, ते त्यावरून दिसेल.