एकदा ‘नाही’ म्हणून बघ

बाळा,

मित्राच्या कर्जाला जामीन राहू का, असं विचारणारं तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. “मावशी, तो डोळ्यांत डोळे घालून बोलतो. खोटं बोलणारा असा बघेल का?”

बघेल. अगदी रोखून बघेल. खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं जगभर मानतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर हेच होतं. मग जे सगळ्यांना माहीत आहे ते फसवणाऱ्याला माहीत नसेल का? त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या दोघांनी खोटं ओळखण्यावर झालेल्या दोनशेहून जास्त अभ्यासांचे निकाल एकत्र मांडले. माणसांचा अंदाज बरोबर आला तो शंभरात सरासरी 54 वेळा. नाणं उडवलं असतं तरी पन्नासदा बरोबर आलं असतं. तेव्हा तोंडाकडे बघून माणूस ओळखायचा नाद सोड.

त्यापेक्षा त्याला एकदा ‘नाही’ म्हण. लगेच जामिनाच्या कागदाला नको, आधी एखाद्या बारीकशा गोष्टीला. “आज भेटायला जमणार नाही.” “हे मी वाचून उद्या सांगतो.” एवढंच म्हण आणि गप्प बसून बघ. सरळ माणूस फार तर हिरमुसेल, कारण विचारेल आणि आपल्या कामाला लागेल. पण ज्याचं सगळं गणित तुझ्या ‘हो’वर बसवलेलं आहे, त्याला ते ‘नाही’ पचत नाही. आधी गोड बोलेल. मग घाई सुरू होईल, आजच हवं, उद्या उशीर होईल. मग अबोला. मग “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि एवढं करूनही तू हलला नाहीस तर बोट तुझ्याकडे वळेल: तू बदललास, तुझे कोणीतरी कान भरलेत. तुझ्या पत्रात यातली घाई आणि अबोला दोन्ही आहेत, बाळा. तूच लिहिलं आहेस आणि तुलाच दिसलेलं नाही.

मला कुठे दिसलं होतं म्हणा. माझाही असाच एक मित्र होता, सहा वर्षांच्या ओळखीचा. किरकोळ उसने पैसे न्यायचा आणि ठरल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी परत आणून द्यायचा, तेही चार लोकांसमोर. मला त्याचं केवढं कौतुक! दुसऱ्यांची गुपितं मला येऊन सांगायचा. तेव्हा वाटायचं, किती जवळची मानतो मला. माझी गुपितं तो कुठे सांगत असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. मग एक दिवस कर्जाचे कागद घेऊन आला. पानं अशी दुमडलेली की फक्त सहीची जागा वर राहावी आणि त्याचा अंगठा घडीवर घट्ट दाबलेला. मी पान उलगडायला हात पुढे केला, तर हसून म्हणाला, “वाचतेस काय? माझ्यावर विश्वास नाही का?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात मागे घेतला आणि सही केली.

त्यानंतर तो पसार झाला आणि हप्ते माझ्या गळ्यात पडले. जामीन म्हणजे साक्षीदार नसतो रे. कर्ज घेणारा फेडत नसेल तर फेडायचं जामीनदाराने. सही केल्याचं दुःख आता बोथट झालंय. सलतं ते वेगळंच. सहा वर्षांत मी त्याला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. एकदा म्हटलं असतं तर तो अंगठा मला कितीतरी आधी दिसला असता.

1849 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाला पकडलं. नीटनेटके कपडे घालून अनोळखी गृहस्थांशी दोन शब्द बोलायचा आणि विचारायचा, “उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुमचा माझ्यावर?” लोक खिशातलं घड्याळ काढून द्यायचे! ‘कॉन्फिडन्स मॅन’, म्हणजे विश्वास मिळवून फसवणारा, हा शब्द त्याच्याच प्रकरणातून वर्तमानपत्रांत रुळला. तो आणि माझा मित्र, दोघांचा प्रश्न एकच. ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान, अशी आपली समजूत असते आणि त्या समजुतीवरच यांचं सगळं चालतं.

तू लिहितोस, त्याची अडचण खरी आहे. असेल ना! मी कुठे नाही म्हणते? माझ्या मित्राचीही खरीच होती. अडचण खरी आहे म्हणून माणूस भरवशाचा ठरत नाही. आणि हो, एका ‘नाही’वरून कोणाला चोर ठरवू नकोस. गांजलेला माणूस एखाद्या वेळी चिडतोही. दोनदा म्हण, तीनदा म्हण आणि दर वेळी तो पुढे काय करतो ते बघ.

मी फार कठोर झाले, असं घरातले म्हणतात. बहिणीच्या नवऱ्याने माझी सही मागितली, तेव्हा मी म्हटलं, कागद रात्रभर माझ्याकडे राहू दे. त्यांना राग आला. दोन वर्षं आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. त्यांचं कर्ज वेळेवर फिटलं आणि ते बहीण मला अजून ऐकवते. ऐकवू दे. ते प्रामाणिक आहेत हे मला कर्ज फिटल्यावर कळलं, सही तर आधी मागितली होती! आणि रागावले तरी त्यांनी घाई केली नाही, गळ घातली नाही. दुसऱ्या जामीनदाराला पूर्ण कागद वाचायला दिला. हा फरक मला तेव्हाही दिसला होता. माझं ‘नाही’ मी आजही मागे घेणार नाही. बहिणीच्या घरचा अबोला मात्र अजून टोचतो, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

तुझा सहीचा दिवस परवाचा आहे ना? मग उद्याच त्याला सांग, “कागद घरी नेतो, पूर्ण वाचतो, आठवड्याने कळवतो.” आठवडाच म्हण, एक दिवस नको. ‘प्लीज’ नको, ‘सॉरी’ नको, कारणांची लांबण तर मुळीच नको. तो काय उत्तर देतो ते जसंच्या तसं लिहून मला पाठव, तुझी मखलाशी न करता. रात्री कितीही वाजता फोन केलास तरी मी उचलेन. तोवर खिशातलं पेन बाहेर काढू नकोस.

तुझी,
मावशी