वाचकांचे प्रश्न : शहराला उद्या किती पाणी लागेल?

लहान शहरांच्या पाणीपुरवठा योजनांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे निरनिराळ्या वाचकांची असली, तरी बहुतेकांचा रोख नव्या धरणाकडे किंवा नव्या जलवाहिनीकडे आहे. उत्तरे लिहिताना मला मात्र वारंवार जुन्या जलवाहिन्यांकडे वळावे लागले.

प्रश्न : आमच्या शहराची लोकसंख्या तीस वर्षांत ५० हजारांवरून ६२ हजार, ७२ हजार आणि आता ८० हजार अशी वाढली आहे. नव्या योजनेच्या अहवालात आणखी तीस वर्षांनंतरची मागणी म्हणून एकच आकडा दिला आहे. हा आकडा कसा काढतात आणि त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : आपण दिलेले दर दहा वर्षांचे आकडेच उदाहरणासाठी घेऊ. दशकागणिक सरासरी वाढ १० हजारांची आहे. तीच पुढे चालू राहील असे मानले, तर तीस वर्षांनी लोकसंख्या १ लाख १० हजार होते. ही अंकगणिती पद्धत झाली. भूमितीय पद्धतीत वाढीचा दर कायम धरतात. मागील तीस वर्षांत लोकसंख्या १.६ पट झाली, म्हणून पुढील तीस वर्षांतही ती तितक्याच पटीने वाढेल, असे मानल्यास उत्तर १ लाख २८ हजार येते. पण आपल्या शहराची वाढ १२ हजार, १० हजार आणि ८ हजार अशी उतरत आली आहे. हा उतार हिशेबात घेणारी वृद्धिमान वाढीची पद्धत वापरली, तर लोकसंख्या फक्त ९८ हजारांपर्यंत पोहोचते. शहर तेच आणि जनगणनाही तीच, तरी उत्तरे तीन आहेत. अहवालात कोणती पद्धत निवडली आणि का निवडली, याचा खुलासा नसेल, तर तो मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. माझ्या मते अशा शहरासाठी एक आकडा देण्यापेक्षा किमान, संभाव्य आणि कमाल अशा तीन रेषा आखणे आणि शहर प्रत्यक्षात कोणत्या रेषेवरून चालले आहे, हे दर पाच वर्षांनी तपासणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

आता पाण्याकडे वळू. भारतात मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा निकष वापरतात आणि गळती पुरवलेल्या पाण्याच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे गृहीत धरतात. या हिशेबाने ९८ हजार, १ लाख १० हजार आणि १ लाख २८ हजार या तीन लोकसंख्यांसाठी रोज अनुक्रमे सुमारे १५.६, १७.५ आणि २०.३ दशलक्ष लिटर पाणी पुरवावे लागेल. म्हणजे लोकसंख्येच्या अंदाजातील मतभेदामुळे पडणारा फरक सुमारे ४.७ दशलक्ष लिटरचा आहे. मधला अंदाज कायम ठेवून गळती १५ ऐवजी ३५ टक्के धरली, तर १७.५ चे २२.८ दशलक्ष लिटर होतात. हा फरक ५.३ दशलक्ष लिटरचा, म्हणजे आधीच्या फरकाहूनही मोठा आहे. लोकसंख्येच्या अंदाजावर सभागृहात तासन्‌तास वाद होतो, गळतीचा आकडा मात्र कोणी मोजलेला नसताना तक्त्यात शिरतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

माणशी वापरही स्थिर नसतो. घरात कपडे धुण्याचे यंत्र आले, बागा वाढल्या की तो वाढतो. कमी पाण्याचे शौचकूप आणि वापरानुसार दर आले की घटतो. अमेरिकेतील सिएटल शहरात १९८० च्या दशकानंतर लोकसंख्या वाढत गेली, तरी शहराचा एकूण पाणीवापर कमी होत गेला. जुन्या वाढीची रेषा पट्टी लावून पुढे ओढणाऱ्यांना हे दिसले नसते. रुग्णालये, वसतिगृहे, कारखाने आणि कामासाठी दिवसा शहरात येणारी माणसे यांची मागणी मात्र माणशी सरासरीत न मिसळता स्वतंत्रपणे मोजावी. मोठ्या रुग्णालयात एका खाटेमागे रोज ४५० लिटरपर्यंत पाणी धरावे लागते.

प्रश्न : जलशुद्धीकरण केंद्रातून रोज एक कोटी लिटर पाणी सोडले जाते, असे नगरपालिका सांगते. ८० हजार लोकांत वाटल्यास माणशी १२५ लिटर पडतात. तरीही आमच्या भागात एक दिवसाआड तासभर पाणी येते. मग पाणी जाते कुठे?

उत्तर : एक कोटी लिटर हा केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचा आकडा आहे, आणि तोही बल्क मीटर, म्हणजे मुख्य वाहिनीतून जाणारे एकूण पाणी मोजणारा मीटर, चालू असेल तरच खरा मानावा. पुष्कळ ठिकाणी पंप किती तास चालला याला पंपावरील पाटीवर लिहिलेल्या क्षमतेने गुणून तो काढतात. जुना, झिजलेला पंप पाटीवर लिहिल्याइतके पाणी कधीच देत नाही. तेव्हा पहिली शंका एक कोटीवरच घ्यावी.

त्यानंतर गळती. ती मोजण्याची सर्वांत भरवशाची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. त्या वेळी शहर झोपलेले असते आणि जलवाहिनीतून जे वाहते, त्यातील मोठा भाग गळतीचा असतो. समजा, एका जलकुंभावर अवलंबून असलेल्या झोनमध्ये १,२०० नळजोडण्या आहेत आणि रात्री तीन वाजता मीटर ताशी १८ हजार लिटर प्रवाह दाखवतो. प्रत्येक जोडणीमागे रात्रीचा खरा वापर ताशी दोन लिटर धरला, तर २,४०० लिटरांचा हिशेब लागतो. उरलेले ताशी १५,६०० लिटर जमिनीत मुरत आहेत. दिवसा वापर वाढल्याने दाब उतरतो आणि गळतीही थोडी घटते, म्हणून चोवीसऐवजी वीस तास धरले, तरी दिवसाला ३ लाख १२ हजार लिटर होतात. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने हे २,३०० लोकांचे पाणी आहे. पुढे त्याच रात्री एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचे. ज्या व्हॉल्व्हनंतर मीटरचा काटा एकदम खाली येतो, त्याच्या पुढच्या गल्लीत श्रवणदांडी, म्हणजे जमिनीखालच्या गळतीचा आवाज ऐकण्याची दांडी, घेऊन जायचे. अनुभवी व्हॉल्व्हमनला बहुधा ती गल्ली आधीच ठाऊक असते. अहवाल लिहिणारे त्याला विचारत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मात्र ही मोजणी करताना झोनला काही दिवस सलग पाणी द्यावे लागते. एक दिवसाआड पाणी असलेल्या भागात लोकांच्या टाक्या रात्रीही भरत राहतात, आणि ते पाणी गळती समजले जाण्याचा धोका असतो.

सर्व हरवलेले पाणी जमिनीतच जाते असे नाही. अनधिकृत जोडण्या, बंद मीटर आणि बिल न होणारा वापर यांचाही त्यात वाटा असतो. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे १९९३ मध्ये पुरवलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा महसुली हिशेब लागत नव्हता. एक सोन चान (Ek Sonn Chan) यांच्याकडे त्या वर्षी जलप्राधिकरणाची सूत्रे आली. जलवाहिन्या बदलणे, प्रत्येक जोडणीला मीटर बसवणे, वसुलीत कोणाचीही भीड न ठेवणे आणि गळतीशोधासाठी कायमची पथके नेमणे, हे काम पुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ चालले आणि तो आकडा सुमारे ६ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते शहर काही श्रीमंत नव्हते. युद्धातून नुकतेच बाहेर आलेले होते.

प्रश्न : एक दिवसाआड पाणी दिल्याने पाण्याची बचत होते, हे खरे आहे का?

उत्तर : फारशी होत नाही. पाणी येईल की नाही याची खात्री नसल्याने लोक गरजेपेक्षा अधिक साठवतात आणि नवे पाणी आले की शिळे समजून जुने ओतून देतात. चावी उघडीच राहिल्याने टाक्या वाहतात. जलवाहिनी रिकामी असताना तिच्यात बाहेरचे घाण पाणी तडे गेलेल्या सांध्यांतून आत ओढले जाते. नळावर पंप लावणाऱ्यांमुळे हा धोका वाढतो आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचणारे पाणी घटते. वाहिनीत पाणी नसलेल्या वेळेत गळती थांबते, एवढाच काय तो लाभ. त्यासाठी आरोग्याची किंमत मोजावी असे मला वाटत नाही. तीव्र टंचाईत पाळ्या लावाव्या लागतात, हे मान्य; पण तात्पुरती पाळी दहा-दहा वर्षे चालते, तेव्हा ती टंचाईची उपाययोजना उरत नाही.

प्रश्न : आमचे धरण एकदा भरले की शहराला दोन वर्षे पुरेल इतके पाणी त्यात असते, असे सांगतात. तरीही नवा स्रोत शोधावा का?

उत्तर : ‘दोन वर्षे’ हा आकडा बहुधा एकूण साठ्याला रोजच्या पुरवठ्याने भागून काढलेला असतो. त्यातून आधी मृतसाठा वजा करावा लागतो, कारण ते पाणी विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या दाराच्या, पातळीखाली असते. गाळाने किती क्षमता गिळली, हे नव्याने मोजावे लागते. धरण बांधताना आखलेला क्षमतेचा तक्ता काही दशकांनंतर जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे. त्यानंतर बाष्पीभवन. जलाशयाचा पृष्ठभाग एक चौरस किलोमीटर असेल आणि दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जात असेल, तर ते होते रोज ५० लाख लिटर. रोज एक कोटी लिटर वापरणाऱ्या शहराच्या वाट्याचे निम्मे पाणी असे सूर्य पितो. हे लक्षात घेतले की दोन वर्षांची मुदत झपाट्याने आखडते. शिवाय त्याच धरणातून सिंचनाची आवर्तनेही सुटत असतील, तर टंचाईत आधी कोणाचे पाणी कापायचे याचा करार पाऊस चांगला असतानाच लेखी करून ठेवावा.

स्रोत किती पाणी देऊ शकतो, हे सरासरी पावसावरून ठरवू नये. पिण्याच्या पाण्यासाठी ९५ टक्के विश्वासार्हता धरतात, म्हणजे शंभरपैकी पंचाण्णव वर्षे तरी मिळेल इतकेच पाणी आपले समजायचे. त्याहीपेक्षा कठीण प्रसंग म्हणजे लागोपाठ आलेली कोरडी वर्षे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहराने २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे पावसाची तूट सोसली. १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा लागू झाली आणि नळ बंद करण्याच्या दिवसाची चर्चा जगभर झाली. तो दिवस टळला, कारण नागरिकांनी वापर निम्म्याच्या आसपास आणला आणि पुढे पाऊसही झाला. पावसाळी पाण्यावर चालणाऱ्या धरणांवरच जवळपास सर्व भिस्त असल्याने त्या शहराकडे दुसरी वाट नव्हती. म्हणून आपल्याला नवे मोठे धरण हवेच असे मी म्हणणार नाही. परंतु भूजलासारखा वेगळ्या स्वभावाचा दुसरा स्रोत, तो छोटा असला तरी, चालू स्थितीत जपून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. ऐन टंचाईत कूपनलिका खोदायला निघालेल्या शहराला यंत्रही मिळत नाही आणि पाणीही.

प्रश्न : तीस वर्षांचे नियोजन करायचे, तर सगळी कामे आजच मोठ्या क्षमतेची का करू नयेत? पुन्हा पुन्हा खर्च तरी टळेल.

उत्तर : काही कामे आजच मोठी करावीत, काही मुळीच करू नयेत. जलवाहिनीचा व्यास थोडा वाढवला की तिची वहनक्षमता व्यासापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात वाढते, आणि खोदाईचा, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च जवळपास तितकाच राहतो. म्हणून मुख्य वाहिन्या तीस वर्षांचा विचार करून टाकतात. पंप आणि विद्युत यंत्रसामग्री पंधरा वर्षांसाठी धरतात, कारण ती झिजते आणि क्षमतेहून फार कमी प्रवाहावर चालवली, तर वीज फुकट खाते. जलशुद्धीकरण केंद्र आज एका टप्प्यापुरते बांधून शेजारी दुसऱ्या टप्प्याची जागा मोकळी ठेवावी. ही जागा नकाशावर राखून भागत नाही. तिला कुंपण घालावे लागते.

वितरणाच्या जलवाहिन्या अवाजवी मोठ्या केल्या, तर आणखी एक अडचण येते. पाणी त्यांत दीर्घकाळ रेंगाळते आणि क्लोरीन वाटेतच संपतो. शेवटच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट, म्हणजे शिल्लक उरलेला, क्लोरीन राहिला पाहिजे.

विजेचा हिशेब अहवालात शेवटच्या पानांवर असतो, पण तो मी प्रथम वाचतो. दहा लाख लिटर पाणी ६० मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास, सुमारे २५० युनिट वीज लागते. वर काढलेले ५.३ दशलक्ष लिटरांचे गळतीचे पाणी इतकेच उंच चढवून वाया घालवायचे, तर रोज १,३०० हून अधिक युनिट जळतात. तीस वर्षांच्या योजनेचा पहिला टप्पा म्हणून बल्क मीटर, झोनचे मीटर आणि गळतीशोध यांना निधी ठेवला, तर दोन-तीन वर्षांत मागणीचा आकडा अंदाजाने नव्हे तर मोजून हाती येतो, आणि त्यानंतर काढलेल्या निविदेत पंपाची व केंद्राची क्षमता पुष्कळदा कमी ठेवता येते. मीटर बसवण्याच्या कामाला फीत कापण्याचा समारंभ होत नाही, त्यामुळे ते यादीत खाली सरकते. आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ते कितव्या क्रमांकावर आहे, हे आपण जरूर पाहावे.